देव साक्षीला होता, जामीन नव्हता

प्रश्न : मी ४९ वर्षांची, वसईच्या पश्चिम पट्ट्यात राहते. बाबा मृत्युपत्र न करताच गेले. मागे आई, मी आणि धाकटा भाऊ. १२ गुंठ्यांची वाडी आहे, केळी आणि थोडा भाजीपाला. सव्वादोन वर्षांपूर्वी भाचीला नर्सिंगच्या नोकरीसाठी परदेशी पाठवायचं म्हणून भावाने माझ्याकडून ४ लाख रुपये घेतले. दागिने गहाण टाकून मी ते बँकेतून त्याच्या खात्यावर पाठवले. कागद केला नाही. आळीतल्या क्रूसाला हात लावून तो म्हणाला, ‘बाय, देवाच्या साक्षीनं सांगतो, वर्षात फेडतो.’ पुढे ‘बँकेच्या कर्जाला तुझी संमती लागते’ म्हणून निबंधक कार्यालयात नेऊन माझी सही-अंगठा घेतला. पाच महिन्यांपूर्वी सातबारा काढला तर त्यावर माझं नावच नाही. मी सही केली ते हक्कसोडपत्र होतं. आई म्हणते, भाऊ आहे, सोडून दे. प्रार्थनेच्या गटातली एक बाई म्हणाली, तुझी श्रद्धा कमी पडते म्हणून दुःख जात नाही. रोझरी सुटली आहे. भाऊ पुढच्या बाकावर असतो म्हणून मी रविवारी दुसऱ्या चर्चला जाते. कधीकधी वाटतं, भाचीची नोकरी सुटावी. देवाने मला सोडलं का? कोर्टात गेले तर क्षमा केली नाही असं होईल का? आणि मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, त्याला शांती द्यायची कशी?

उत्तर :

ताई, तुमचं पत्र आम्ही दोनदा वाचलं. तीन प्रश्न विचारलेत, पण एक चौथी गोष्ट पत्रात आहे जी तुम्ही विचारली नाही आणि ती सगळ्यात घाईची आहे. पैसे दिल्याला सव्वादोन वर्षं झाली. हातउसन्या पैशांच्या वसुलीचा दावा साधारणपणे पैसे दिल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. म्हणजे तुमच्या हातात नऊ महिने आहेत. देवाशी भांडायला आयुष्य आहे, या कामाला नाही. त्याकडे खाली येतोच, पण पत्र अर्ध्यावर ठेवून द्याल म्हणून आधी सांगितलं.

आता देवाबद्दल. तुमच्या मनात काय झालंय ते आम्हाला असं दिसतं : भावाने शब्द देताना देवाचं नाव मध्ये घेतलं. शब्द मोडला तो भावाने, आणि तुम्हाला वाटतंय की मोडला देवाने. क्रूसावर हात ठेवला गेला, म्हणून तुम्ही कागद मागितला नाही. देवालाच जामीन धरलंत. पण भावाने देवाला साक्षीला उभं केलं होतं. साक्षीदार जे घडलं ते पाहतो आणि वेळ आली की सांगतो. दुसऱ्याचं कर्ज तो फेडत नाही. बायबलमधल्या उत्पत्तीच्या ३१व्या अध्यायात लाबान याकोबाला म्हणतो की आपल्या दोघांमध्ये देव साक्षी आहे. ते वाक्य आज प्रेमाचं म्हणून वापरतात, पण तिथे ते बोललं गेलं कारण सासरा-जावयाचा एकमेकांवर काडीचा विश्वास उरला नव्हता.

देव जामीन आहे तो स्वतःच्या शब्दाला. आणि त्याने काय शब्द दिलाय ते नीट वाचायला हवं, कारण आपण बहुतेकदा न दिलेल्या वचनावर रुसतो. भाऊ फसवणार नाही असं त्याने कुठेही म्हटलेलं नाही. उलट मत्तयाच्या १०व्या अध्यायात येशू शिष्यांना आधीच सांगतो की भाऊ भावाला धरून देईल. त्याने जे वचन दिलं ते सोबत राहण्याचं. आईबापांनी टाकलं तरी परमेश्वर जवळ घेईल, हे २७व्या स्तोत्रात आहे.

हे वचन अंधारात कसं दिसतं, ते उत्पत्तीतल्याच योसेफाच्या गोष्टीत मोजूनच बघा. १७ वर्षांचा असताना भावांनी त्याला २० रुप्यांना विकलं. मिसरच्या राजासमोर, फारोसमोर उभा राहिला तेव्हा तो ३० वर्षांचा होता. मधली १३ वर्षं गुलामी आणि तुरुंग. त्यातली शेवटची दोन तर एका प्यालेबरदाराच्या विसरभोळेपणाची. योसेफाने त्याच्या स्वप्नाचा अर्थ सांगितला, माझी आठवण ठेव म्हणाला, आणि तो गडी बाहेर पडून विसरून गेला. ‘परमेश्वर योसेफाबरोबर होता’ असं ३९व्या अध्यायात चार वेळा येतं. दोनदा तो पोटीफराच्या घरी गुलाम असताना, दोनदा तुरुंगात. त्या घरात आणि तुरुंगात त्याच्या हाती कारभार आला, पण या चारही वाक्यांच्या वेळी तो गुलाम किंवा कैदीच होता, सुटका झालेली नव्हती. देव बरोबर आहे याची खूण म्हणून तुम्ही पैसे परत येण्याची वाट पाहत असाल, तर ती खूण त्या अध्यायातही नाही.

त्याच गोष्टीतलं एक वाक्य तुम्हाला लोक ऐकवतील, कदाचित ऐकवलंही असेल : तुम्ही वाईट योजलं, देवाने त्यातून भलं केलं. हे वाक्य ५०व्या अध्यायात आहे. हिशेब केला तर योसेफ तेव्हा ५६ वर्षांचा आहे, विकलं गेल्याला ३९ वर्षं झालेली. तशाच अर्थाचं तो पहिल्यांदा बोलला तेही २२ वर्षांनी. आणि बोलला तो स्वतः, ज्याला विकलं होतं तो. शेजारणीने पाचव्या महिन्यात येऊन म्हणायचं हे वाक्य नव्हे. प्रार्थनेच्या गटातल्या बाईंना तुम्ही नम्रपणे सांगू शकता की अजून वेळ आहे.

श्रद्धा कमी म्हणून दुःख जात नाही, हे म्हणणं तर सरळ चूक आहे. अपमान न जाणवणं किंवा विसरून जाणं आपल्या हातात नाही, असं कॅथलिक चर्चची धर्मशिक्षा क्षमेबद्दल बोलतानाच स्पष्ट सांगते (परिच्छेद २८४३). त्या बाईंना परिच्छेदाचा नंबर द्या.

रोझरी सुटली, त्याचं फार वाईट वाटून घेऊ नका आणि एकदम पाचही दशकं धरू नका. असं जोर लावून धरलेलं आठ दिवसांत पुन्हा सुटतं, आणि मग अपराधीपणा वाढतो. सध्या एकच दशक म्हणा, दुःखाच्या रहस्यांतलं पहिलं, गेथशेमानी बाग : एक ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’, दहा ‘नमो मरिया’, एक ‘पित्याला गौरव’. जवळच्या माणसांनी दगा दिला तेव्हा काय करायचं, ते त्या बागेत दिसतं. एक जण ३० रुपये घेऊन शिपाई आणायला गेलेला, आणि ज्यांना मुद्दाम जवळ बसवलं ते तिघं झोपलेले. येशूने त्यांना तीनदा येऊन पाहिलं. माझा जीव मरणप्राय कष्टी झाला आहे, हे त्याने तोंडाने सांगितलं. आतल्या आत गिळलं नाही.

त्याच्या जोडीला १३वं स्तोत्र. सहाच ओव्या आहेत, पण बांधणी शिकण्यासारखी आहे. पहिल्या दोन ओव्यांत तक्रार, ‘किती वेळ?’ असं चार वेळा विचारलेलं. पुढच्या दोनांत मागणं. शेवटच्या दोनांत विश्वास. रात्री जेवणं आटोपल्यावर, दार लावून, मोठ्याने म्हणा. तक्रारीच्या भागात थांबा आणि तुमची तक्रार नावानिशी घाला : ४ लाख, वाडीतले तुमच्या वाट्याचे ४ गुंठे, भावाचं नाव, क्रूसावरचा हात. ‘प्रभू, तुला सगळं माहीत आहे’ असं म्हणून पुढे सरकू नका, सगळा जोर जातो तो तिथेच. मग मागणं, तेही नेमकं. शेवटच्या दोन ओव्या ओठांवर येत नसतील तर त्या दिवशी चौथ्या ओवीला थांबा. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. महिनाभर १३वं हे एकच स्तोत्र पुरे. भाऊ फारच डोक्यात बसला असेल त्या दिवशी ५५वं काढा. शत्रू असता तर सोसलं असतं, पण तो तू निघालास, माझ्याबरोबर देवाच्या घरी जाणारा, असं त्यात आहे. बोलणं लोण्याहून मऊ आणि मनात लढाई, हेही त्यातच आहे.

विलापगीताचा तिसरा अध्याय मात्र एकदा पूर्ण वाचा. ‘त्याची दया रोज सकाळी नवी होते, त्याची विश्वसनीयता थोर आहे’ हे त्यातल्या २२-२३ ओव्यांत येतं आणि दर वर्षी कुठल्या ना कुठल्या कॅलेंडरवर छापलं जातं. आठवी ओवी कोणी छापत नाही : मी हाक मारतो तेव्हा तो माझी प्रार्थना अडवून धरतो. १६वीत दातांखाली खडे आहेत. जळालेल्या यरुशलेमेसाठी रडणाऱ्या या माणसाने वीसेक ओव्या देवालाच सुनावल्या आणि मग २१वीत म्हणाला, हे मी मनात आणतो म्हणून मला आशा आहे. तुम्ही सध्या बहुधा १६वीच्या आसपास आहात. अध्याय तोच आहे.

आपल्या मातीतलंही एक उदाहरण हाताशी आहे. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया जपानमध्ये येशूसंघीयांबरोबर (जेझुइटांबरोबर) धर्मशिक्षक म्हणून राबले, संघात घेतील या आशेने. घेतलं नाही. त्यांनी व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले, दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ला नागासाकीत क्रूसावर गेले. संतपद मिळालं १८६२ साली. त्यांच्या सणाला आपण मिरवणूक पाहतो, मधला नकार प्रवचनात क्वचितच येतो.

आता क्षमा आणि कोर्ट. इथे तीन वेगवेगळ्या गोष्टी लोक एकत्र कालवतात : सूड सोडून देणं, वसुली सोडून देणं, आणि पुन्हा विश्वास टाकणं. देवाने तुमच्याकडे पहिली मागितली आहे. दुसरी तुमच्या मर्जीवर आहे. तिसरी भावाच्या वागण्यावर. योसेफाने भावांना माफ केलं, पण ओळख लगेच दिली नाही. दुभाष्यामार्फत बोलला, शिमोनाला अडकवून ठेवलं, बन्यामिनाच्या गोणीत रुप्याचा प्याला ठेवून पारख केली. आणि ज्या भावाने, यहूदाने, त्याला विकण्याची कल्पना काढली होती, तोच जेव्हा म्हणाला की या पोराऐवजी मला गुलाम ठेवा, तेव्हा कुठे योसेफ रडून मोकळा झाला. प्रेषित पौलही तसाच. २ तीमथ्यच्या चौथ्या अध्यायात, आपल्याला सोडून गेलेल्यांना हे मोजलं जाऊ नये असं म्हणतो, पण आलेक्सांद्र तांबटाने माझं फार वाईट केलं, त्याच्यापासून तूही जपून राहा, असंही बजावतो. लगेच पुढे म्हणतो, प्रभू माझ्याजवळ उभा राहिला. (त्याच्या थोडं आधी झगा आणि कागदपत्रं घेऊन ये असा निरोपही आहे. संत माणूस, पण कागद सोडला नाही.)

सत्तर वेळा सात क्षमा कर म्हणून तुम्हाला गप्प करतील. ते मत्तय १८मध्ये आहे, आणि त्याच अध्यायात आधी, १५ ते १७ या ओव्यांत रीत सांगितली आहे : आधी एकट्याने जाऊन त्याचा अपराध दाखव, नाही ऐकलं तर एकदोघांना घेऊन जा, तरी नाही तर मंडळीला सांग. पौलाचं करिंथकरांना लिहिलेलंही ऐकवतील की भावाने भावावर फिर्याद करू नये. तिथे तो आधी मंडळीला विचारतो की तुमच्यात निवाडा करणारा एकही शहाणा नाही का, आणि शेवटी फसवणाऱ्यांनाच झापतो. स्वतःवर वेळ आली तेव्हा त्याने कैसराकडे दाद मागितली.

त्या क्रमाने जा, पण प्रत्येक पायरीला तारीख घाला, कारण फसतं ते इथेच. ‘बघू, सणानंतर बसू’ असं करता करता मुदत निघून जाते.

पहिला आठवडा, कागद. दुय्यम निबंधक कार्यालयातून हक्कसोडपत्राची प्रमाणित नक्कल आणि सूची दोन (दस्ताच्या नोंदणीचा उतारा), शिवाय चालू सातबारा आणि ज्याने तुमचं नाव कमी झालं तो फेरफार. बँकेचा ४ लाखांच्या नोंदीचा उतारा शिक्क्यासह. व्हॉट्सॲपवर भावाने पैशांबद्दल काही लिहिलं असेल तर रागाने नंबर उडवू नका, ते सगळं जपा.

दुसरा आठवडा, वकील. स्त्री म्हणून तुम्हाला मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्न कितीही असो. न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा. त्यांना तीन गोष्टी विचारा. एक, ख्रिस्ती माणूस मृत्युपत्राविना गेला तर १९२५च्या भारतीय वारसा कायद्याने विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलगा-मुलगी असा भेद न करता मुलांना समान. म्हणजे वाडी बाबांच्या एकट्याच्या नावावर असेल तर १२ गुंठ्यांत आई ४, तुम्ही ४, भाऊ ४. दोन, फसवून घेतलेला दस्त रद्द करण्याचा दावा फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत लावायचा असतो. तुम्हाला कळून पाच महिने झालेत, तारीख कशावरून सिद्ध करणार ते ठरवा. सातबारा काढल्याची तारीख इथे कामी येईल. तीन, फेरफाराविरुद्ध प्रांताकडे अपील करायची मुदत ६० दिवसांची असते, ती गेली असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत लागेल. फेरफार हा महसुली नोंदीचा भाग आहे, मालकीचा फैसला दिवाणी न्यायालयातच होतो. त्यामुळे नुसत्या तलाठी-प्रांताच्या खेपा घालत बसू नका.

मग भावाकडे जा. एकट्या, दिवसाउजेडी, नकला पर्समध्ये. दोनच वाक्यं पुरेत : हे मला कळलंय, आणि अमुक तारखेपर्यंत मला लेखी हवं. मुदत पंधरा दिवस. त्याने ४ लाख देणं असल्याचं सहीनिशी लिहून दिलं, तर त्या तारखेपासून वसुलीची तीन वर्षं नव्याने सुरू होतात. मात्र हे जुनी मुदत संपायच्या आत व्हायला हवं. पंधरा दिवसांत नाही झालं तर दोन जाणती माणसं घेऊन जा, त्यात एक तरी भावाचा मान असलेलं हवं. मग फादरांकडे एक बैठक. फादरांना आधीच सांगा की आम्हाला समजावू नका, ठरलेलं कागदावर घ्या आणि दोघांच्या सह्या घ्या. हे सगळं दोन महिन्यांत उरकेल. नाही उरकलं, तर सातव्या महिन्याच्या आत दावा दाखल. दावा लावला म्हणून परमप्रसाद चुकवायचं कारण नाही.

मिस्सेचं बोलू. स्वतःच्या चर्चला परत या. फसवणारा पुढच्या बाकावर आणि फसलेली दुसऱ्या गावात, हे उलटं आहे. शांती देताना आपल्याकडे हात जोडून मान लववायची रीत आहे, आणि ती जवळच्यांना द्यायची असते, बाक ओलांडून जायचं नसतं. त्याच्याशी नजर गेली तर हात जोडा. त्याचा अर्थ एवढाच की तुझं वाईट व्हावं असं मी मागत नाही. वेदीपाशी दान ठेवून आधी भावाशी समेट कर, ही ओवी तुम्हाला टोचत असेल तर मत्तय ५ पुन्हा वाचा : तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर, असं तिथे आहे. उठून जायचंय ते त्याने.

पापनिवेदनात काय सांगायचं? राग आला हे पाप नव्हे. फसवणुकीचा राग यायलाच हवा. भाचीची नोकरी सुटावी हे मात्र सांगा. ते तुम्ही आम्हाला प्रामाणिकपणे लिहिलंत, फादरांनाही लिहिलंत तसंच सांगा. पोरीने तुम्हाला फसवलेलं नाही, तिला कदाचित पैसे कुठून आले हेही ठाऊक नसेल. त्या एका दशकाच्या शेवटी तिचं नाव घ्या. भावाचं नाव घेणं जमेपर्यंत तिचं पुरे.

आणि आई. ती भावाच्या घरात, त्याच्या हातचं खाते, म्हणून ‘सोडून दे’ म्हणते. तिच्यावर रागावू नका आणि तिला साक्षीदार करू नका. पण दस्ताची नक्कल हातात आली की शेवटच्या पानावर तिचा फोटो आणि अंगठा आहे का ते आधी पाहा. असेल तर तिचेही ४ गुंठे गेलेले असू शकतात, आणि वकिलाला सांगायची ती पहिली गोष्ट.

भाऊ मध्येच ५० हजार घेऊन आला तर नाकारू नका. घ्या, आणि वहीच्या कागदावर ‘४ लाखांपैकी, बाकी साडेतीन लाख’ असं लिहून त्याची सही घ्या. भावजयीने नाताळला फुगे (सणाला तळतात ते) पाठवले तर तेही घ्या, डबा रिकामा परत करू नका. जेवायला बोलावलं तर जा. पुढ्यात कागद आला तर चष्मा विसरलाय म्हणा आणि वकिलाला दाखवायला घरी घेऊन या.